खिडकीखालचा हीट पंप

सोलफ्रिदचं घर गरम ठेवणारा हीट पंप बंद पडला तो जानेवारीच्या ऐन कडाक्यात. बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीतून आधी जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज आला, मग तोही थांबला. पारा शून्याच्या खाली सत्तावीस. तिनं बैठकीतली लाकडाची शेगडी पेटवली, तिच्यापुढे गादी ओढली आणि उरलेलं घर वाऱ्यावर सोडून दिलं. नळाचं पाणी गोठलं, तेव्हा कुठे तिनं दुरुस्तीवाल्यांना फोन केला.

“उद्या हाल्वोर येईल,” तिकडची बाई म्हणाली.

“दुसरं कुणी नाही?”

“अगं, या खोऱ्यात दुसरं आहे कोण?”

हाल्वोर म्हणजे सोलफ्रिदचा नवरा. मागच्या उन्हाळ्यात भरला संसार टाकून तो नदीपलीकडे उन्नी नावाच्या बाईकडे राहायला गेला होता. तेव्हापासून सोलफ्रिद ना रडली, ना चिडली. कामावर जायची, यायची, पावाला चीज लावून खायची, झोपायची. मुलगी ओस्लोहून फोनवर वैतागायची, “आई, निदान एकदा भांड तरी बाबाशी!” पण भांडायला काही सुचायलाच तयार नव्हतं.

हाल्वोर आला आणि दार ठोठावून बाहेरच उभा राहिला. याला पाहून आपलं काय होईल, याचा तिनं धसका घेतला होता. झालं काहीच नाही. दाढी वाढलीय, एवढंच तिच्या मनात आलं.

“पेटीच्या बुडाशी बर्फ साचलाय,” पाहून आल्यावर तो म्हणाला. “ठिबकलेलं पाणी गोठत गोठत पार पंख्यापर्यंत चढलंय. बर्फ वितळवणारी खालची तार जळली असणार. कोमट पाणी देतेस?”

तिनं शेगडीवर बर्फ वितळवून बादल्या भरून दिल्या. तो बेतानं ओतत होता, ती शेजारी उभी होती. बर्फाची ढेकळं सुटून पायाशी पडत होती. तार बदलताना त्यानं हातमोजे काढले. बोटं बघता बघता पांढरी पडली. पूर्वी तिनं ती आपल्या काखेत धरली असती. आता तिनं मोजे पुढे केले.

“पेटी फार खाली बसलीय,” तो म्हणाला. “पुढच्या थंडीत परत हेच होणार.”

“तूच बसवलीस.”

“तूच म्हणाली होतीस, स्वयंपाकघराच्या खिडकीतून भूर्जाची झाडं दिसायला हवीत. आठवतं?”

“आठवतं.”

“आठवतं म्हणतेस, तेही हवामानाची बातमी सांगावी तसं. शिव्या तरी दे ना, सोलफ्रिद!”

“देईन सुचल्या की. पेटी वर चढव.”

“खिडकी झाकली जाईल.”

“जाऊ दे.”

हाल्वोरनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ तो हत्यारांच्या पेटीतच खुडबुडत राहिला. पंखा फिरू लागला. आत ऊब सुटली. कॉफीशिवाय कुणाला पाठवायचं नाही, ही खोऱ्याची रीत. म्हणून तिनं कॉफी केली. तो उभ्यानंच प्यायला.

“बरी आहेस ना?”

“नळ सुटला की बरी.”

दुपारी नळ सुटला. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा आला होता? मग? काय वाटलं तुला?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काही नाही, बाळा. घर गरम झालं.”

मुलगी फोनवरच रडायला लागली. सोलफ्रिदनं तिचं रडणं संपेपर्यंत ऐकून घेतलं, “जेवून घे” म्हणाली, आणि गादी ओढत परत झोपायच्या खोलीत नेली.

मे महिन्यात बर्फ गेल्यावर हाल्वोरनं येऊन पेटी वर चढवली. स्वयंपाकघरातला उजेड निम्मा झाला. भांडी घासताना सोलफ्रिद आता दिवा लावते.