बापाच्या वळणावर

मी सोनोग्राफीची मशीन बोलतेय. एक काळा पडदा, खाली बटणं, आणि वायरला जोडलेला साबणाच्या वडीएवढा तुकडा, एवढंच माझं रूप. तो तुकडा पोटावर फिरवला की आत काय आहे ते मी करड्या सावल्यांत दाखवते. मला तोंड नाही. त्यामुळे माझ्या नावावर जे जे बोललं गेलं ते दुसऱ्यांचं आहे, हे आधीच सांगून टाकते.

जपानमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. उमेदीची वर्षं हनोईच्या मोठ्या इस्पितळात गेली. तिथे मी पित्ताचे खडे पाहिले, सुजलेली यकृतं पाहिली, म्हाताऱ्यांची थकलेली हृदयं पाहिली. तिथे नवी मशीन आली तेव्हा मला क्वीबाईंनी विकत घेतलं. क्वीबाई डॉक्टर होत्या. लाल नदीच्या काठी, लाँगन या लिचीसारख्या फळाच्या बागांमधल्या एका लहान गावात त्यांचा दवाखाना होता. आत दोन खोल्या, बाहेर एक बाक.

इथे खडे दाखवायला क्वचितच कोणी येई. येत त्या पोटुशा बायका, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या सासवा.

गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे, अशी सरकारी पाटी माझ्या डोक्यावरच टांगलेली होती. क्वीबाई कायदा पाळत. त्यांनी मुलगा हा शब्द कधी उच्चारला नाही, मुलगी हाही नाही. पडद्याकडे बघत त्या म्हणायच्या, "बापाच्या वळणावर गेलंय." सासू खुलायची. किंवा म्हणायच्या, "आईच्या वळणावर गेलंय." मग सासू चप्पल पायात सरकवून उठायची.

लिएन पहिल्यांदा आली तेव्हा तिला गाम आणि बोंग अशा दोन मुली होत्या, आणि तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सोबत सासू हाओ. हाओबाईंचा मुलगा तोआन हा घराण्याच्या थोरल्या शाखेतला थोरला. पूर्वजांच्या देव्हाऱ्यात उदबत्ती लावायची ती त्याने, आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने.

"पुण्यतिथीच्या जेवणाला माझ्या लेकाला खालच्या चटईवर बसवतात, डॉक्टर," हाओबाई म्हणाल्या. "पोराटोरांत! ज्यांना मुलगा आहे ते वरच्या चटईवर. परवा त्याचा चुलतभाऊ त्याला म्हणतो, 'काय रे तोआन, घर जावयांसाठी बांधतोयस का?' आता तुम्हीच बघा काय ते."

क्वीबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "आईच्या वळणावर."

बारा दिवसांनी लिएन पुन्हा आली, आत काही राहिलं नाही ना ते तपासायला. मी दाखवलं. काही राहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तेच झालं. तीच सासू, तेच उत्तर, आणि काही दिवसांनी तसंच रिकामं पोट. त्या खेपेला लिएन पडद्याकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. क्वीबाईंनी तिच्या पोटावरचा चिकट लेप पुसला आणि बाहेर आवाज दिला, "पुढची कोण?"

तिसऱ्या खेपेला मात्र लिएन एकटीच आली, सायकलवरून. घामाने तिची कपाळावरची बट चिकटली होती.

"बाई, सासूबाई मला उद्या घेऊन येणार आहेत. तुम्ही आजच बघून ठेवा."

क्वीबाई बघत राहिल्या.

"आईच्या वळणावर ना?"

"हो."

"उद्या बापाच्या म्हणा."

"वेड लागलंय का तुला? आणि बाळ झाल्यावर काय सांगशील?"

"झाल्यावर ती बाहेर असेल. मग मला मारतील, बोलतील, जे करायचं ते करतील. पण ती बाहेर असेल."

"आणि माझं नाव? अख्ख्या तालुक्यातून बायका माझ्याकडे येतात."

"तुम्हाला नाव तरी आहे, बाई."

क्वीबाईंनी तिला जायला सांगितलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हाओबाई माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या. मी जे होतं तेच दाखवत होते. पोरगी हात तोंडाजवळ घेऊन निजली होती. लिएनने क्वीबाईंच्या कोटाची कड मुठीत धरली होती. क्वीबाईंनी घसा साफ केला.

"बापाच्या वळणावर गेलंय."

हाओबाई मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या. मग त्यांनी सुनेची पावलं आपल्या हाताने पुसून तिला चपला घातल्या. मी इतकी वर्षं माणसांत काढली, पण सासूने सुनेला चपला घातलेल्या तेवढ्याच पाहिल्या.

पुढचे महिने लिएनचे लाड झाले. दर तपासणीला हाओबाई डॉक्टरांसाठी चिकट भात आणि उकडलेली कोंबडी घेऊन येत. क्वीबाई डबा घेत आणि न उघडता कपाटावर ठेवून देत. सातव्या महिन्यात तोआन स्वतः आला. उंच, अबोल माणूस. त्याने माझ्या पडद्यावर बोट टेकलं.

"हे नाक का?"

"हो, नाक."

"माझ्यासारखंच आहे की." तो हसला. "याला मी नदीत पोहायला शिकवीन."

लिएनने डोळे मिटून घेतले.

मुलगी झाली. चौथ्या दिवशी हाओबाई दोन जावांना घेऊन दवाखान्यात घुसल्या. बाक पेशंटांनी भरलेला होता.

"मशीन आंधळी आहे की तू गं?" त्या क्वीबाईंवर ओरडल्या. "माझा लेक गेल्या महिन्यातच वरच्या चटईवर जाऊन बसला होता. काल दंडाला धरून उठवला त्याला, सगळ्यांच्या देखत! घरी आला आणि बाळंतिणीला तिथेच खाटेवर लाथ घातली. त्याला तरी काय बोलायचं? सांग ना, काय बोलायचं?"

क्वीबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. बाकावरच्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"मशीन जुनी आहे हो," क्वीबाई म्हणाल्या. "चुकली."

हाओबाई माझ्यावर थुंकल्या. ते पुसून टाकायचंही नंतर कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या पोरीचं नाव आजीने ठेवलं, थोय. थोय म्हणजे पुरे.

त्यानंतर क्वीबाई कधीही खोटं बोलल्या नाहीत. आणखी दोघींनी त्यांचा हात धरून तसंच मागितलं होतं. "माझ्याकडे असलं काही चालत नाही," असं सांगून क्वीबाईंनी हात सोडवून घेतला. त्या दोघीही बारा-पंधरा दिवसांनी रिकाम्या पोटाने आल्या.

थोय रांगायला लागली तेव्हा तोआनने दुसरी बाई आणली होती. लग्न नाही, कागद नाही. बाजारात भाजी विकणारी, हसऱ्या तोंडाची एकोणीस-वीस वर्षांची पोर. हाओबाईंनी तिला माझ्यासमोर आणलं तेव्हा तिची पिशवी धरायला लिएनलाही सोबत घेतलं होतं. लिएनच्या कडेवर थोय होती.

"जा, टॉवेल दे तिला," हाओबाई लिएनला म्हणाल्या. "बघून घे, असं असतं बाईचं पोट."

ती पोर लाजेने लाल झाली. "राहू द्या आई, मी घेते," असं पुटपुटली. पण लिएनने टॉवेल दिला, तिच्या पोटावर नीट पसरूनही दिला.

या खेपेला बापाच्याच वळणावर होतं. खरोखर.

महिनाभरात लिएन तीन मुलींना घेऊन घराबाहेर पडली. कोणी हाकललं नाही. तिचं पांघरूण तेवढं स्वयंपाकघराच्या पडवीत नेऊन टाकलं. दूरच्या बुटांच्या कारखान्यात तिला काम मिळालं.

ती शेवटची आली तेव्हा थोय पाच वर्षांची होती. लिएनच्या ओटीपोटात फार दुखायचं. मला अडगळीतून काढावं लागलं, कारण माझ्या जागी घेतलेली नवी मशीन त्या दिवशी बंद होती. जुन्या जखमांचे वण मी क्वीबाईंना दाखवले. त्या वाकून बघत होत्या. थोय टेबलाची कड धरून उभी होती.

"आई, मी इथेच होते?"

"हो गं."

"एकटीच?"

क्वीबाईंचा हात लिएनच्या पोटावर थांबला.

"तुझ्याआधी दोघी येऊन गेल्या," लिएन म्हणाली.

"मग त्या कुठेत?"

लिएनने क्वीबाईंकडे पाहिलं. म्हणाली, "डॉक्टरांना विचार. त्यांनी बघितलंय त्यांना."

पोरगी मान वर करून विचारू लागली, "डॉक्टरीणबाई, त्या कशा होत्या? माझ्यासारख्या होत्या?"

क्वीबाईंनी मला बंद केलं. कोपऱ्यातल्या नळाखाली त्या हात धूत राहिल्या, बराच वेळ. थोयने आणखी दोनदा विचारलं. मग लिएनने तिला उचललं आणि ती निघून गेली.

त्याच आठवड्यात क्वीबाईंनी मला विकून टाकलं.

आता मी एका डुकरं पाळणाऱ्याकडे आहे. माझं एक बटण तुटलंय, पडद्याची डावी बाजू दिसत नाही. रोज सकाळी मालक डुकरिणींच्या पोटावर मला फिरवतो. "हिला राहिलंय!" एवढंच ओरडतो आणि तिच्या पाठीवर थाप मारून तिला जास्तीचा कोंडा घालतो. पोटात नर आहे की मादी, हे इथे आजवर कोणी विचारलेलं नाही.

इथे घाण आहे, माशा आहेत, पावसाळ्यात माझ्यात पाणी शिरतं. फार दिवस टिकणार नाही मी. पण जोवर चालते तोवर मला इथेच राहू द्या. दुरुस्त करून पुन्हा माणसांत नेऊ नका.