दोरा बांधलेला पेला

‘ज्याच्या दारी कुणी न जाई, तिथं आधी जा गं बाई…’

बाबांचा आवाज शिलाई मशीनच्या चाकाबरोबर आठवणीत फिरायचा. येशूचं शुभवर्तमान सांगत सायकलवर गल्लोगल्ली हिंडणारा तो माणूस. चढ लागला की उतरायचा, पण गाणं काही थांबवायचा नाही; आणि मागे बसलेली लेक पाय हलवत ताल धरायची. ती लेक आता इस्पितळासमोरच्या गाळ्यात शिलाई करायची. सगळे तिला शिवणताई म्हणत. गाण्याची पुढची ओळ आपल्याला आठवत नाही, असं ती हल्ली स्वतःला सांगायची.

“ताई, बाही उसवली बघा,” दारातून मावशी म्हणाली. “ओढाताण फार होते. माझी गिऱ्हाईकं काही हात धरत नाहीत म्हणा!” आणि आपल्याच विनोदावर ती खुदकन हसली.

मावशी इस्पितळाच्या शवागारात मेलेल्यांना आंघोळ घालायची. पाववाला तिच्या हाताला हात लागू नये म्हणून पाव कागदावर ठेवून सरकवायचा. ती बाकावर टेकली की शेजारच्याला एकदम काहीतरी काम आठवायचं. म्हणून ती उंबऱ्याबाहेरूनच बोलायची.

बाबा गेले तेव्हा हिनंच त्यांना न्हाऊ घातलं होतं. भांग ते पाडत तसा, उजवीकडे. “तुला कसं कळलं गं?” शिवणताईनं रडत विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली होती, “केस वळण सोडत नाहीत, ताई.” त्या दिवसापासून दोघींचं बोलणं सुरू झालं. कुष्ठरोग्याला हात लावणाऱ्या प्रभूची गोष्ट ऐकून मावशीनं विचारलं, “मलाही लावेल?”

“लावेल की! आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना एकच मेज असतं. तू येच.”

मेज एकच होतं, ते खरं. पण मावशी पहिल्यांदा प्रभुभोजनाला, भाकरी आणि द्राक्षरस घ्यायला बसली, त्या दिवशी शिवणताई पेले विसळत असताना चर्चच्या पाळकांची बायको, पाळकीणबाई, हळूच शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “तिला आणलंस ते उत्तम केलंस हो. पण तिचे हात दिवसभर कशात असतात! पेले सगळे सारखे दिसतात. आपल्यात लेकुरवाळ्या बायका आहेत.”

शिवणताईनं पेले पुसून पिशवीत भरले. घरी येऊन तिनं रिळातून लाल दोरा ओढला आणि एका पेल्याच्या दांडीला बांधला. गाठ पक्की बसली. हात शिलाईवालीचा होता ना! मंडळीत त्या दोऱ्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एका मावशीला सोडून.

“ताई, या रविवारी माझी लेक येतेय बरं का,” मावशीचा चेहरा उजळला होता. “माझ्या कामापायी सासरी माझं नावही न काढणारी! तिला म्हटलं, येऊन तर बघ. तिथं तुझ्या आईचा मान आहे. एवढ्या पेल्यांत माझा तेवढा वेगळा, लाल दोरा बांधलेला. अहो, जन्मात कुणी माझ्यासाठी काही राखून ठेवलं नव्हतं.” मग लाजून म्हणाली, “तिच्याही पेल्याला बांधाल का एक?”

शिवणताईच्या बोटात सुई गेली. “बांधते,” ती म्हणाली.

शनिवारी ती रीळ घेऊन बसली. दुसरा दोरा बांधवेना, पहिला सोडवेना. सोडला तर मावशी विचारणार, माझा दोरा कुठं गेला?

रविवारी मावशी लेकीला घेऊन पुढच्याच बाकावर बसली. बाकावरच्या बायका थोड्या सरकल्या. लेकीनं ते पाहिलं. शिवणताईनं पेल्यांचं तबक पुढे ठेवलं तेव्हा लेकीनं तो एकच दोरा पाहिला, मग बायकांचे चेहरे पाहिले, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. जन्मभर जी नजर तिनं चुकवली होती, ती तिला बरोबर ओळखता येत होती.

“आई, ऊठ. घरी चल.”

“अगं, थांब तरी! ताई, हिचा विसरलात होय? असू दे, असू दे.” मावशीनं आपला पेला अर्धा प्यायला आणि उरलेला लेकीपुढे धरला. “घे, माझ्यातलाच घे.”

लेकीचा हात पुढे आला नाही. पेला तसाच अधांतरी राहिला. पाळकीणबाईंनी शिवणताईला डोळ्यांनीच खुणावलं, राहू दे, नंतर बघू.

आणि शिवणताईला सायकलची घंटी ऐकू आली. चढावर धापा टाकत बाबा पुढची ओळ म्हणत होते.

‘त्याच्या वाटीनं पाणी पी गं, मग देवाचं बोल काही.’

तिनं मावशीच्या हातातून तो पेला घेतला आणि उरलेला घोट पिऊन टाकला. बाकांवर कुजबुज उठली. मावशी मात्र हरखून गेली. “बघितलंस?” ती लेकीला म्हणाली, “माझ्या पेल्यातलं पितात! म्हटलं नव्हतं मी तुला?”

एवढ्यावर भागलं असतं. मावशी खूश होती, मंडळीही गप्प बसली असती. पण लेक शिवणताईकडे टक लावून बघत होती. शिवणताईनं नखानं गाठ उकलायचा प्रयत्न केला. तिचीच गाठ ती, सुटेना. तेव्हा तिनं दोरा दातानं तोडला, मावशीच्या पायाशी खाली बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मावशी, हा मानाचा दोरा नव्हता गं. तुझा उष्टा पेला आमच्या तोंडाला लागू नये, म्हणून ही खूण होती. माझ्या बाबांना न्हाऊ घालणाऱ्या हातांची मला किळस आली. दोरा मी बांधला.”