कवळीचा पहिला सिनेमा

मी वाटीतून बोलतेय. वाटी स्टीलची, अर्धी पाण्यानं भरलेली, पुंडलिकनगरातल्या एका घराच्या खिडकीत ठेवलेली. मी एक कवळी. म्हणजे आम्ही दोघी आहोत, वरची मी आणि खालची माझी बहीण. बहीण स्वभावानं सैल, कधी जागेवर राहत नाही, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. आमची मालकीण सारजाबाई दुपारची आडवी झालीय. ती जागी असताना मला स्वतःचं काही बोलता येत नाही, तिचंच बोलावं लागतं. तेव्हा ती उठायच्या आत सांगून टाकते.

माझा जन्म औरंगपुऱ्यातला. एका दाताच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मुनीबभाईंची खोली आहे. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे दात त्या खोलीत जन्माला येतात. आधी मी मेणाची होते. मग मला प्लास्टरच्या साच्यात दाबलं, गरम पाण्यात शिजवलं, घासलं, चमकवलं. मी मेणाची असतानाच दातांचा रंग ठरवायला डॉक्टरांनी सारजाबाईला वर पाठवलं, तेव्हा तिची माझी पहिली भेट झाली. ती तोंडावर पदर धरूनच जिना चढली. अगदी पांढरे नकोत, खोटे वाटतील, असं तिनं आधी बजावलं आणि मग पुढच्या दोन दातांमध्ये थोडी फट ठेवायला सांगितली.

मुनीबभाईंच्या हातातली कानस थांबली. "मावशी, लोग फट बुझाने को आते. तुम रखने को आए?"

"माझ्या व्हती तशी पायजे," सारजाबाई पदराआडून म्हणाली. "दुसऱ्या बाईचे दात मला नको."

त्या पदराची गोष्ट सांगायलाच हवी. मिश्रीपायी एकेक करत तिचे सगळे दात गेले, आणि मग चार वर्षं तिनं बोळक्यानं काढली. मुलगा म्हणायचा, या वयात दात कशाला? भाकरी कुस्करून खायची सवय झाली, पण तोंड दाखवायची लाज काही गेली नाही. हसायचं झालं की पदर, बोलायचं झालं की पदर. करमाडची, म्हणजे सासरच्या गावातली, तिची जाऊ सरूबाई तर चारचौघींत ओठ आत ओढून तिची नक्कल करायची आणि बायका खोखो हसायच्या. शेवटी नात संस्कृती तिला रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन आली. ती पोरगी नसती तर मी मुनीबभाईंच्या बरणीत सुट्टे दात म्हणूनच राहिले असते.

पहिले पंधरा दिवस मी सारजाबाईला छळलं, हे कबूल करते. हिरड्यांना घासले. शेंगदाण्याला साफ नकार दिला. "संस्कृती" म्हणताना अशी शिट्टी वाजवायचे की पोरगी अभ्यास सोडून बाहेर यायची. पण सारजाबाई चिवट बाई. रोज सकाळी पेपर मोठ्यानं वाचून तिनं मला वळण लावलं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही करमाडला लग्नाला गेलो. तिथं ती अक्षता पडल्यापासून हसत होती, ते नवरानवरीकडे बघून नव्हे, सरूबाईकडे बघून.

पंगत बसली आणि तिनं मला हळूच काढून रुमालात गुंडाळलं. नवीन कवळी चारचौघांत ताटात पडेल, अशी तिला भीती वाटायची. म्हणून पुढचं मी फक्त ऐकलं. कुणी तरुण मुलगा समोर येऊन उभा राहिला. नाव ऋतुराज, स्वतःचा पहिलाच सिनेमा करत होता, आणि आईच्या भूमिकेसाठी त्याला गावातलीच बाई हवी होती. सारजाबाई बुंदीचा लाडू हिरड्यांनी चघळत होती. तो म्हणाला, आजी, मला हाच चेहरा पाहिजे.

रुमालात माझी छाती फुगली. सारजाबाईचीही फुगली. पासष्ट वर्षं कुणी तिला सिनेमात घेतलं नव्हतं आणि दात आल्याबरोबर तीन आठवड्यांत घेतलं, मग गुण कुणाचा? घरी येऊन तिनं सगळ्यांना तेच सांगितलं. संस्कृतीनं कॉलेजात सांगितलं. सरूबाईला तर फोन करून सांगितलं, आणि फोनवर माझ्याकडून मुद्दाम दोन शिट्ट्या वाजवून घेतल्या.

शूटिंगच्या दिवशी तिनं मला दोनदा घासलं, एकदा घरी आणि एकदा करमाडच्या नळावर. पावडर लावली, नवं लुगडं नेसली आणि शूटिंगच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसली. ऋतुराज आला, इकडंतिकडं बघितलं आणि संस्कृतीला विचारलं, आजी आल्या नाहीत का?

"ही काय मी," सारजाबाई म्हणाली आणि मनापासून हसली.

त्याचा चेहरा पडला. मी इतक्या जवळून कुणाचा चेहरा पडताना बघितला नव्हता. मग त्यानं फार गोडीनं समजावलं. सिनेमातल्या आईला दोन मुलं आहेत. धाकटा येतो आणि सांगतो की हे घर आता बंद करायचं, सहा महिने माझ्याकडे राहा, सहा महिने दादाकडे. आईनं फक्त "बरं" म्हणायचं. तिचं बिनदाताचं तोंड थरथरतं आणि सीन संपतो. तेव्हा आजी, ती कवळी जरा काढून ठेवता का?

सारजाबाईनं काढली नाही. "चार वर्षं तोंडाला पदर लावून बोलले मी. आता सगळ्या जगानं बघायचं, तर माझं बोळकंच बघायचं व्हय?"

"आजी, लोकांना तुमची कीव आली पाहिजे."

"माझी कीव कामून?"

त्यानं सीन पुन्हा पहिल्यापासून समजावला. माझंही काळीज, कवळीला असतं तेवढं, धडधडत होतं. तिला दातांसकट पडद्यावर दिसायचं होतं, आणि मला तिच्यासकट. पण तासभर गेला. वीस माणसं खोळंबली, ऊन सरकायला लागलं. शब्द दिलाय म्हणून तिनं शेवटी आम्हा दोघींना काढलं, वाटीत ठेवलं आणि वाटी संस्कृतीच्या हातात दिली. संस्कृती कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली. ज्या सिनेमासाठी मी घासूनपुसून आले होते, तो मी पाण्यातून बघायला लागले.

धाकट्या मुलाचं काम करणारा विश्वजीत नाटकातला गडी होता, त्याचाही हा पहिलाच सिनेमा. दोन महिने दाढी वाढवून, भूमिकेत शिरून आला होता. त्याला हवं तेव्हा डाव्या डोळ्यातून पाणी काढता यायचं, उजव्यातून नाही. त्यानं वाक्य म्हटलं, डावा डोळा भरला. सारजाबाईनं "बरं" म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

पुन्हा केलं, पुन्हा पदर. ऋतुराजनं विनवलं, सारजाबाईनं मान डोलावली, आणि पदर वर गेला. ती मुद्दाम करत नव्हती हो. चार वर्षांची सवय, हात आपोआप उठायचा. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की दोन्ही हात गुंतवा. तिच्या हातात ज्वारीनं भरलेलं सूप दिलं. तिनं "बरं" म्हटलं, सूप खाली ठेवलं, पदर लावला. ज्वारी ओट्यावर सांडली आणि शेजारच्या कोंबड्या सिनेमात शिरल्या. असं सात वेळा झालं. विश्वजीतचा डावा डोळा सुजला.

तेव्हा ऋतुराजनं एक डाव केला, आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला. तो हबीबभाईंच्या कानाशी लागला. हबीबभाई म्हणजे कॅमेरावाले. शहरातल्या लग्नांची शूटिंग करण्यात वीस वर्षं घालवलेली, सिनेमा पहिलाच. ऋतुराज कुजबुजला की आजीला दात घालू द्या, मनासारखं एकदा करू द्या, कॅमेरा चालू करू नका. त्यांचं समाधान होईल, मग काढतील शांतपणे. त्यानं विश्वजीतलाही डोळा मारला.

सारजाबाईनं आम्हाला परत तोंडात घातलं. मला माहीत होतं की हे सगळं खोटं आहे. सांगणार कशी? माझं बोलणं तिच्या तोंडी, आणि तिला तर काहीच ठाऊक नाही. पठ्ठी खुशीत ताठ बसली.

विश्वजीतनं वाक्य उरकलं, भाजीचा भाव सांगावा तसं. घर बंद करू, सहा महिने माझ्याकडे, सहा महिने दादाकडे. आता सारजाबाईनं "बरं" म्हणायचं. पण ती त्याच्याकडे बघत राहिली. अशा वाटून घेतलेल्या आया तिनं करमाडात लई बघितल्या होत्या. माझ्या मागं तिची जीभ "बरं"साठी उचलली गेली आणि पुन्हा खाली बसली, हे मला कळलं. मग तिनं तोंडात हात घातला. आधी बहिणीला काढलं, मग मला. आम्हाला पदरानं नीट पुसलं आणि विश्वजीतचा हात ओढून त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"हिला घेऊन जा," ती बोळक्या तोंडानं म्हणाली. "सहा महिने तू ठेव, सहा महिने दादाला ठिवू दे. वाटीभर पाणी लागतं, दुसरं काय मागत नाय. मी हितंच हाय."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते. पदर खांद्यावर. उघडं तोंड तिनं तसंच ठेवलं, आणि लाजायचं काम समोरच्यावर सोडलं.

मी विश्वजीतच्या हातात होते. ओली होते, कोमट होते. आधी त्याला किळस आली, हे खरं सांगते, त्याची बोटं आखडली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि त्याला रडू फुटलं. या वेळी दोन्ही डोळ्यांतून. कुणी कट म्हणालं नाही. एक कोंबडी तेवढी ओरडली.

मग ऋतुराज डोकं धरून ओट्याच्या पायरीवर बसला. असा सीन परत होणार नाही, आणि मीच कॅमेरा बंद ठेवायला सांगितला, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

हबीबभाईंनी शांतपणे कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "अपना कॅमेरा बंद नै होता, भाई. शादी में बंद किए के दुल्हन तभीच रोती. बीस साल से बंद करनाच छोड दिया."

ऋतुराजनं त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण हबीबभाई वजनदार निघाले. सारजाबाईला या आनंदात रस नव्हता. माझे दात द्या आधी, म्हणाली. विश्वजीतनं आम्हाला दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं परत दिलं.

पुढं सिनेमा लागला आणि पेपरांत छापून आलं की दोन नव्या कलाकारांचं पदार्पण लक्षात राहील असं आहे. दोन म्हणे! विश्वजीतनं मुलाखतीत सांगितलं की त्या क्षणासाठी तो दोन महिने आतून तयारी करत होता. करत असेल बापडा. पण त्या तयारीत मी नव्हते, आणि रडला तो मला बघून. श्रेयनामावली मी डोळ्यांत तेल घालून बघितली. चहावाल्याचं नाव आहे, कोंबड्यांच्या मालकाचे आभार आहेत, माझा उल्लेख नाही.

आता मी थोडी झिजलेय. डावीकडची दाढ गुळगुळीत झाली, हिरडीचा गुलाबी रंग उतरला. शेंगदाण्याशी मात्र जमवून घेतलंय. सारजाबाईला आणखी दोघा सिनेमावाल्यांचे फोन येऊन गेले. दोघांनाही ती आधी गोष्ट सांगायला लावते आणि कवळीचं काय करायचं ते मी बघीन म्हणते. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे की पडद्यावर कुणाचं पहिलंच काम आवडलं, तर त्यातलं कुणी वाटीत तर राहिलं नाही ना, हे जरा शोधा. आणि घरातल्या म्हातारीला या वयात दात कशाला, असं विचारू नका. कशाला ते तिला ठाऊक असतं.

पलंग वाजला. ती उठतेय, निरोप घेते. फक्त थिएटरातलं तेवढं सांगून होऊ द्या.

जालना रोडच्या थिएटरात आम्ही पहिल्या दिवशी गेलो. एका बाजूला संस्कृती, दुसऱ्या बाजूला सारजाबाईनं हट्टानं आणलेली सरूबाई. तो सीन आला. मी पडद्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढी दिसले, आणि माझ्यामागून सारजाबाईचं बोळकं, भिंतभर. सरूबाई तिच्या कानाशी वाकली. या वेळी ती नक्कल करत नव्हती, खरंच हळहळत होती.

"बाई गं. सगळ्यांसमोर तुला कवळी काढायला लावली त्यांनी?"

"त्यांनी लावली तवा मी तोंड झाकलं," सारजाबाई म्हणाली. "ही मी काढली. बघ."