वाऱ्याचा आडोसा

सपाट मुलखात सायकल चालवायला काय लागतं, असं म्हणणारी माणसं बहुधा खुर्चीत बसून म्हणतात. चढ नाही, उतार नाही, रस्ता नाकासमोर सरळ. पेडल मारलं की झालं. कवळीवालीचंही इतकी वर्षं हेच मत होतं, आणि ती तर सायकलच्या सीटवर बसून म्हणत होती. ऐकणाऱ्यालाही ते खरं वाटायचं.

कवळीवाली म्हणजे दातांच्या कवळ्या बनवणारी. बाजारामागच्या गल्लीत, एका दातांच्या दवाखान्याच्या माडीवर तिची खोली होती. खिडकीशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, हवेत वितळत्या मेणाचा वास, आणि कोपऱ्यात पॉलिशचं यंत्र दिवसभर घरघरत असे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. नवरा गावातल्या बसवर ड्रायव्हर. दर रविवारी दोघं बारीक टायरच्या सायकली काढून शेतांमधल्या रस्त्यांनी भटकायला जात. तो पुढे, ती मागे. असं कुणी ठरवलं नव्हतं. पण ड्रायव्हरने पुढेच बसायचं असतं अशी त्याची ठाम समजूत होती. मागून ती त्याची यथेच्छ थट्टा करायची. "अहो, बैलासारखे काय फुसफुसताय? मला बघा, घाम तरी आलाय का?" तो उत्तर देत नसे. सायकलवर तोंड उघडायचं नाही, हा त्याचा नियमच होता.

मग त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. टाके सुकले, गोळ्या कमी झाल्या, तरी भिंत काही सुटेना. बस परत त्याच्या हातात देणार नाहीत, हे डेपोतल्या साहेबांनी गोड शब्दांत कळवलं होतंच. मुलगी लांबून रोज फोन करायची, तर हा "बरा आहे" म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचा. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच विषय काढला. "सायकल चालवू द्या त्यांना. फक्त चालवताना सहज बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबायचं."

म्हणून त्या सकाळी दोघं निघाले. गल्लीत वारा नव्हता आणि गावाबाहेर तो पाठीशी होता. पाठीशी असलेला वारा कुणाला कळत नाही. आपलेच पाय सुधारले असं वाटतं. दोन्ही बाजूंचं पीक पुढे वाकून वाकून सांगत होतं, पण लक्ष कुणाचं होतं? तो पुढे सुसाट निघाला होता आणि नियम मोडून चक्क बोलत होता. "बघ, आहे की नाही पहिल्यासारखा? उगाच घाबरवून ठेवतात ही डॉक्टर मंडळी."

"तुम्ही तर त्याहून जोरात निघालात," ती म्हणाली. तिनेही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं काही बाकी ठेवलं नाही. एवढ्या महिन्यांनी तो हसला होता, मग तिला तरी कसा धीर धरवणार? नेहमी जिथून परत फिरायचे तो फाटा मागे पडला, दोघंही थांबले नाहीत. कालव्याच्या टोकाला असलेल्या पंपघरापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि सायकली वळवल्या.

वारा थोबाडीत बसावी तसा बसला. तो नेहमीप्रमाणे पुढे झाला, दात-ओठ खाऊन पेडल मारू लागला, आणि थोड्याच अंतरावर त्याने पाय टेकला. हँडलवर वाकून उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते आणि शब्द फुटत नव्हता. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने त्याला रस्त्याकडेला बसवलं, श्वास जागेवर येईपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली आणि मग फोन काढला.

"ताईंना बोलावते. टेम्पो घेऊन येतील."

ताई म्हणजे तिची नणंद. तिचा भाजीचा टेम्पो होता आणि भावासाठी ती अर्ध्या रात्री धावली असती.

"मी टेम्पोत?" तो म्हणाला.

"मग त्यात काय झालं?"

"काही नाही. बोलाव. पण मग ही सायकल परत काढायची नाही मी."

रागाने म्हणाला असता तर तिने ऐकलं नसतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला ती घरातली भिंत स्पष्ट दिसली. आज हा टेम्पोतून घरी गेला तर परत उठायचा नाही, हे तिला कळून चुकलं. आणि सायकलवर नेताना वाटेत काही झालं तर? दोन्ही वाटांनी हातून तोच जात होता.

"मग मी पुढे होते," ती म्हणाली.

"तुला नाही जमायचं."

"नाही जमलं तर टेम्पो आहेच. तुम्ही माझ्या मागच्या चाकाला चिकटून राहायचं आणि बोलत राहायचं. आवाज थांबला की मी थांबले, आणि लगेच फोन."

"बोलू काय?"

"काहीही. तुमच्या बसचे थांबे म्हणा."

तिने मान खाली घातली आणि निघाली. इतकी वर्षं याच रस्त्यांवरून हिंडलेली बाई, पण वाऱ्याशी तिची ओळखच नव्हती. ती आता झाली. समोरचं अख्खं आभाळ अंगावर सरकत येत होतं. त्याला अडवायला मध्ये टेकाड नाही, झाड नाही, घर नाही. नजर पोचेल तिथपर्यंत पीक आडवं होत होतं, उठत होतं, पुन्हा आडवं होत होतं. कालव्याचं पाणी उलटं वाहत असल्यासारखं दिसत होतं. आणि त्या सगळ्यात माणूस म्हणून फक्त ही दोघं. तिला भीती वाटली, पण भीतीपेक्षाही नवल जास्त वाटलं. एवढं प्रचंड काहीतरी कायम इथे होतं, आणि आपण त्याच्यातून टिवल्याबावल्या करत गेलो.

गेलो कसे, तेही तिला आता कळत होतं. मांड्या पेटल्या होत्या, छाती भात्यासारखी चालली होती, बैलासारखी आता ती फुसफुसत होती. सपाट रस्ता सोपा असतो हे तिचं मत नवऱ्याच्या पाठीआड बसून बनलेलं होतं. दर रविवारी त्याने हा वारा छातीवर घेतला आणि एकदाही मागे वळून म्हणाला नाही, की जरा तू ये पुढे. तिला त्याचा जितका अभिमान वाटला तितकीच स्वतःची लाज वाटली. रडायला सवड नव्हती. तिने पेडल मारलं.

मागून आवाज तुटक तुटक येत होता. "डेपो... शाळा... पिठाची गिरणी... पोस्ट... मोठा दवाखाना..." शेवटचा थांबा आला की तो पुन्हा डेपोपासून सुरू करायचा. त्याने ही बस जन्मभर चालवली होती, पण तिने हे थांबे असे जिवाचा कान करून कधी ऐकले नव्हते. प्रत्येक नावामागे त्याचा एक श्वास होता. तो पुरतोय की नाही, एवढंच ती ऐकत होती.

गावाची पाण्याची टाकी लांबवर दिसू लागली. "पिठाची गिरणी," तो म्हणाला. "पोस्ट."

पुढचं आलं नाही.

तिने वाट पाहिली. कानांत नुसता वारा भणभणत होता. वाऱ्याने शब्द पळवला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणखी दोनदा पेडल मारलं, तरी मोठा दवाखाना येईना. हात वर करून तिने सायकल बाजूला घेतली आणि ती थांबायच्या आतच उतरली, धडपडली, फोन काढत वळली.

तो तिच्या मागेच पाय टेकून उभा होता. चेहरा लाल, पण ओठ नेहमीच्या रंगाचे. तिने आधी त्याच्या छातीवर हात ठेवला. आत सगळं ठीक चाललं होतं.

"गप्प का झालात?" ती ओरडली. "मेले असते ना मी!"

"विसरलो," तो म्हणाला.

"थांबे विसरलात? तुम्ही?"

"थांबे नाही गं. बोलायचं विसरलो." तो खजील होऊन हँडलशी चाळा करत होता. "तुला बघत होतो. तू सायकल चालवतेस हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. कायम मागे असायचीस. मला काय माहीत, तू अशी चालवतेस ते."

तिचा जीव भांड्यात पडला. फोन हातात होता तो तिने खिशात घातला.

"आता थांबे पुरे," ती म्हणाली. "जे दिसतंय ते सांगा. पण गप्प बसलात तर याद राखा."

ती पुन्हा पुढे झाली, वाऱ्यात शिरली, आणि मागून त्याने सुरुवात केली. "डावा गुडघा जरा बाहेर जातोय तुझा. खांदे सैल सोड. हां. आता बघ, वारा आला की मान अशी काही घालतेस..." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढच्याचा चेहरा मागच्याला दिसत नाही, म्हणून तिने ते वाहू दिलं. एवढ्या सगळ्या रविवारांत त्याचा चेहरा कसा असायचा, ते तिला कधी कळणार नव्हतं. घर येईपर्यंत तो बोलत होता.