वीतभर बुडालेली पट्टी

"मी आता जे सांगणार आहे, ते तुमच्यातल्या एकालाही पटायचं नाही," बोटभर काकांनी उभं राहताच बजावलं, "आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी स्वतः रोज डोळ्यांनी बघत होतो, तरी मला कुठे पटलं होतं?"

दोनचार जण हसले. काकांना हायसं वाटलं. पाणीसंस्थेच्या त्या लांबट खोलीत साठ माणसं कोंबून बसली होती. पंखा एकच, तोही कण्हत फिरत होता. भिंतीवर नदीचा नकाशा लावला होता, त्यात अजून निळा रंग शिल्लक होता. खिडकीबाहेरच्या खऱ्या नदीत मात्र दगड उघडे पडले होते. हसलेला माणूस पुढचे दोन प्रश्न विसरतो, हा काकांचा जन्मभराचा अनुभव. आणि आज तर एकच प्रश्न चुकवायचा होता.

मामला असा होता. चौदा वर्षांपूर्वी वरच्या गावाने आणि खालच्या गावाने नदीचा करार केला. वरच्यांनी डोंगरउताराचं गवत राखायचं, नांगर घालायचा नाही. त्या बदल्यात खालच्यांनी दरवर्षी आठ दिवस वर जाऊन चर खणायचे, रोपं लावायची, म्हणजे पावसाचं पाणी डोंगरात मुरेल आणि उन्हाळ्यात झिरपत नदीत येईल. दोन्ही गावांजवळ नदीत खांब रोवून त्यावर एकेक लोखंडी पट्टी नटांनी बसवली, तिच्यावर लाल रेघ मारली. पाणी रेघेखाली गेलं की दोन्ही गावांचे पंप बंद. आपली पट्टी आपणच वाचली तर पाणी नेहमी आपल्या सोयीचं दिसतं, म्हणून वरच्या गावाची पट्टी खालच्या माणसाने वाचायची आणि खालची वरच्याने, असं ठरलं. बाकीचे वाचणारे 'दोन वितींच्या आसपास' असं लिहायचे. काका 'दोन विती, वर एक बोट' असं लिहायचे. तेव्हापासून त्यांचं नावच बोटभर पडलं.

यंदा एकेचाळीस दिवस काकांनी रोज सायकल हाणत वर जाऊन पट्टी वाचली, रोज लिहिलं की पाणी रेघेच्या वर आहे, आणि खाली सही ठोकली. वरचे पंप धडधडत राहिले. खालची नदी आधी डबक्यांची झाली, मग चिखलाची, मग कशाचीच नाही. मासे उताणे पडले. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागलं. संस्थेच्या अध्यक्षबाईंची रोपवाटिका होती. वरच्या डोंगरावर लावायला वाढवलेली त्यांची बारा हजार रोपं जागेवर करपली. शेवटी खालचा पंपमिस्त्री एका दुरुस्तीच्या निमित्ताने वर गेला आणि त्याला दिसलं, की खांबावर पट्टीच्या वरची दोन भोकं मोकळी आहेत आणि त्यांच्या कडा अजून चकचकीत आहेत. कुणीतरी नट काढून अख्खी पट्टी वीतभर खाली बसवली होती. पट्टी खाली गेली की पाणी आपोआप चढलेलं दिसतं. त्याला ढग लागत नाहीत, पाना लागतो.

उद्या नदीच्या लवादापुढे सुनावणी होती. आपला माणूस फसला असेल, तर वरचे दोषी आणि पाणी परत मागता येईल. त्याने जाणूनबुजून सही केली असेल, तर वरचे म्हणणार, तुमच्याच माणसाने मान्य केलंय, आता बोंबलता कशाला? म्हणून आजची सभा. काकांना ठाऊक होतं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

काकांनी घसा खाकरला आणि गाडी वळणावर घेतली. त्यांनी सांगितलं की त्या पट्टीवर एक खंड्या बसायचा. चौदा वर्षं तोच खंड्या. निदान काकांच्या म्हणण्याप्रमाणे तरी तोच. हा पक्षी इतका हुशार की पट्टीवरचा आकडा वाचून मगच बुडी मारायचा. तर एके दिवशी त्याने आकडा वाचला, हिशोबाने सूर मारला, आणि सरळ तळाच्या दगडावर आपटला. चोच वाकडी झाली बिचाऱ्याची. तेव्हापासून तो खाली बघतच नव्हता, माझ्याकडेच बघायचा, असं काका म्हणाले. जिथे खंड्या फसला तिथे माझ्यासारख्या चष्मेवाल्याची काय कथा?

आता खोली खदखदली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं की त्या खंड्याची सही कुठाय. काकांनी उत्तर दिलं की चोच वाकडी असल्यामुळे त्याला सही जमत नाही. पंपमिस्त्री तेवढा हसला नाही. हात बांधून भिंतीला टेकून उभा राहिला. अध्यक्षबाईंनीही नुसती पेन्सिल फिरवली. पण काकांनी त्या दोघांकडे बघायचं टाळलं. हसणाऱ्या तोंडांकडे बघत बोललं की जीभ सरळ चालते.

मग ते व्याह्यांवर आले. वरच्या गावातले पंपवाल्यांचे म्होरके म्हणजे काकांच्या लेकीचे सासरे. सहा वर्षांपूर्वी ही सोयरीक झाली तेव्हा लोक म्हणाले होते, कराराला शिक्का नव्हता, तो आता लागला. काका रोज पट्टी वाचून व्याह्यांच्या ओसरीवर चहाला थांबायचे. व्याही स्वतः खुर्ची पुढे सरकवायचे, वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवायचे, आणि गुडघ्यावर थाप मारून विचारायचे, "काय व्याही, आज नदी काय म्हणते?" चांगलं म्हणते, असं काका सांगायचे. व्याही मान डोलवायचे. जणू नदीने त्यांनाच विचारून उत्तर दिलं होतं.

"ज्याच्या हाताचा चहा प्यायलो, त्यानेच केसाने गळा कापला," काका म्हणाले. इथे त्यांचा आवाज चिरकला, आणि ते मात्र नाटक नव्हतं. चौदा वर्षं या माणसाबरोबर ते डोंगरावर चर खणत आले होते. एकदा व्याह्यांच्या पायात कुदळ बसली, तेव्हा काकांनी त्यांना पाठीवर घेऊन उतार उतरवला होता. या उन्हाळ्यात त्याच माणसाने ओसरीवर बसून समोरच्या उसाला पाणी पाजलं होतं, आणि खालच्या लेकराबाळांच्या तोंडचा घोट त्यासाठी काढून घेतला होता. रोज सकाळी हसत हसत. त्यांनी खिशातून रुमाल काढला. समोर दोघातिघांनी जिभेने च् च् केलं.

अध्यक्षबाईंनी पेन्सिल ठेवली. त्या शांतपणे म्हणाल्या की खंड्याची गोष्ट छान होती, पण लवाद पक्ष्यांना बोलावणार नाही. त्यांना एक सरळ उत्तर हवं होतं. एकेचाळीस दिवसांत एकदाही शंका आली नाही का? खाली नदी आटत होती, हे तर काका रोज पुलावरून जाताना बघत होते.

काका म्हणाले, बघत होतो की. पण वर पाणी आणि खाली नाही, तर मधे कुठेतरी गळत असणार, असं त्यांना वाटलं. नदीला भोक पडलंय, असं म्हणे ते घरी म्हणालेसुद्धा. आपण चर खणून खणून डोंगराला पाणी प्यायची सवय लावली, आता तो नदीचंही पितोय, असं त्यांच्या मनात आलं. पुन्हा हशा झाला, पण यावेळी थोडा विरळ. पहिल्या आठवड्याबद्दल काका भरपूर बोलले, शेवटच्याबद्दलही. मधल्या दिवसांवरून त्यांची सायकल उतारावर असल्यासारखी भरकन गेली.

तेवढ्यात दार उघडून त्यांची लेक आत आली. वरच्या गावाहून येणारी पहिली गाडी पकडून ती आली असणार. चपलांवर धूळ होती आणि पिशवी खांद्याला तशीच होती. बसायला जागा नव्हती म्हणून ती दाराशीच उभी राहिली. तिला बघून काकांचा ऊर भरून आला. सासर सोडून भर सभेत बापाच्या बाजूने उभं राहायला निघून आलेली पोरगी. उद्या सासरी तिला काय ऐकून घ्यावं लागेल, कुणास ठाऊक. व्याही उलटले, पण रक्ताचं माणूस उलटत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना एकदम दहा हत्तींचं बळ आलं.

पंपमिस्त्रीने विचारलं की काकांच्या न कळण्याला साक्षीदार कोण. काकांनी त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं.

"साक्षीदार आयताच आलाय," ते म्हणाले. "ही माझी लेक. त्याच घरात राहते, सासऱ्याचं मीठ खाते, तरी आलीय. विचारा हिला. मला या गोष्टीचा वासही आला होता का, तेवढं विचारा. त्या घरातून मला कुणी अवाक्षर तरी कळवलं?"

साठ माना दाराकडे वळल्या. अध्यक्षबाईंनी तिला पुढे यायला सांगितलं, ती आली नाही. पिशवीचा पट्टा तिने खांद्यावरून काढला, हातात गुंडाळला. ती बापाकडे बघत होती. काकांनी तिला मान हलवून धीर दिला, लहानपणी कविता विसरली की द्यायचे तसा.

"बाबा, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "आठव्या दिवशी मीच फोन केला होता तुम्हाला. पट्टी खाली केलीय, पाना सासऱ्यांच्या हातात बघितलाय, हे मी स्वतः सांगितलं. तुम्ही म्हणालात, चार दिवसांचा प्रश्न आहे, तू तुझं घर सांभाळ, मोजायचं मी बघतो."