मालाच्या लिफ्टीतली हळद

मी मालाची लिफ्ट बोलतेय, राहनाळच्या बारा मजली इमारतीतली. आरसा नि पंखा असलेली, गोड आवाजात मजला सांगणारी ती मी नव्हे हो! ती मोठी लिफ्ट, माझी शेजारीण. मी मागच्या जिन्याजवळची, पत्र्याची. माझ्या दारावर बोर्ड आहे: 'माल, कुत्रे, डिलिव्हरीवाले व कामवाल्या यांच्यासाठी.' याच क्रमाने. आम्ही दोघी एकाच ट्रकमधून आलो, एकाच मिस्त्रीने बसवलं. तिला आरसा लागला, मला बोर्ड, आणि तेवढ्यावर आमची जात ठरली.

पण मजा म्हणाल तर माझ्याकडे. मोठीत माणसं गपचूप छताकडे बघत उभी राहतात, जणू छत कुठे पळून जाणार आहे. माझ्यात शिरली की तोंडाची टकळी सुरू. कुणाची सासू रुसली, कुठल्या मजल्यावर भांडी आपटतात, सगळं मला ठाऊक. हसून हसून माझे दोर हलतात.

त्यात ठकुबाई माझी लाडकी. शहापूरकडच्या गावची, गुडघ्यांनी अधू, पण गळा असा की ऐकत राहावं. दहाव्या मजल्यावर केसरीनाथशेठकडे ती भांडी घासते. शेठ इमारतीचे चेअरमन. इमारतीखालची भातखाचरं त्यांचीच होती, आणि माझ्यावरचा बोर्डही त्यांचाच.

गेल्या महिन्यात त्यांच्या लेकीची, निशाची हळद होती. ठरलेली धवलारीन आयत्या वेळी आजारी पडली. धवलारीन म्हणजे लग्नाची गाणी, धवले म्हणणारी बाई. तिच्याशिवाय हळद लागायची कशी? शेठची आई राहीबाई म्हणाली, "आपली ठकू म्हनते की धवले. तिला बोलवा."

आणि काय सांगू, ठकुबाई आली ती हिरवं लुगडं, अबोलीचा गजरा अशा थाटात, आणि थेट मोठीसमोर जाऊन उभी राहिली. वॉचमन विशाल तिच्याच गावचा. बिचारा स्टुलावरून उठला.

"मावशे, तिकडून."

"आज मी भांड्यांना न्हाय आले रं. धवलारीन हाय मी."

"मला ठावं हाय. पन मागं तक्रार झाली ना, लिफ्टीत वास येतो म्हनून. माझी ड्युटी जाईल."

ठकुबाई मागे वळली. माझ्यात शिरली आणि कांद्याच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. मला असा राग आला की दार धाडकन लावलं.

नववा मजला गेला आणि लाइटच गेली. जनरेटर आहे, पण तो फक्त मोठीला. मी मधेच लटकले. खाली पार्किंगमध्ये डीजे मुका. मोठी डौलात पाहुणे आणून सोडतेय, आणि जिच्यावाचून मुहूर्त अडला ती माझ्या पोटात, कांद्याच्या पोत्यावर बसलेली!

शेठ दहाव्यावर माझ्या दारावर थापा मारायला लागले. "मावशी, घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?" आतून ठकुबाई म्हणाली. "माझी रोजचीच लिफ्ट हाय."

सगळे हसले, शेठ सोडून. राहीबाईने मात्र पाट उचलून माझ्या दाराशीच मांडला. "निशे, बस हिथं. ठकू, तू आतून म्हन, आमी भायेरून लावतू."

आणि ठकुबाई गायली. तिचा आवाज वर बाराव्यापर्यंत, खाली पार्किंगपर्यंत घुमला. मजल्यामजल्यावरच्या कामवाल्या हातातली भांडी टाकून मागच्या जिन्यात धावल्या आणि तिच्यामागे म्हणू लागल्या. डिलिव्हरीवाले पायरीवर बसून टाळ्या देत होते. ज्या पाहुण्या या बाजूला कधी फिरकत नाहीत, त्या माझ्या दाराशी हळदीने माखून नाचत होत्या. फटीतून हळद आत आली. माझ्या पत्र्याला हळद लागली हो, पत्र्याला! मला वाटलं, माझंच लग्न.

लाइट आली, मी दहाव्यावर पोचले. राहीबाईने ठकुबाईला पोटाशी धरलं, तिच्या गालांना हळद लावली आणि सगळ्यांदेखत मुलाला म्हणाली, "केसरी, उद्यापासना ठकू मोठ्या लिफ्टीनं येल. कुनाला वास येत असंल तर त्यानं जिना चढावा." एवढ्या पाहुण्यांसमोर चेअरमन आईला नाही कसं म्हणणार? त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विशालने मोठीचं दार धरूनच ठेवलं होतं. "ये मावशे." ठकुबाई पुढे आली. समोरच्या आरशात तिने स्वतःला पाहिलं, जुनं लुगडं सावरलं. "ऱ्हाऊ दे रं, माझे पाय वले हायेत," म्हणाली, आणि कुणीही न हाकलता माझ्यापाशी आली.

मला रडूच आलं. बोर्ड लावणारे नमले होते, आणि ही अजून त्यांचं ऐकत होती.

तिने बटण दाबलं. मी जन्मात पहिल्यांदा दार उघडलं नाही. तिने पुन्हा दाबलं, चापट मारली. "मेली, आजच बंद पडली." मी ढिम्म. शेवटी गुडघे चोळत, पुटपुटत ती मोठीत शिरली. भिंतीपलीकडून तिच्या शिव्या वर वर जाताना ऐकल्या, आणि आनंदाने मी रिकामीच दोन मजले वरखाली करून आले.

तेव्हापासून मेकॅनिक येतो, वायरी तपासतो, डोकं खाजवतो. फ्रिज आला, सोफा आला की मी लगेच उघडते. ठकुबाई मात्र अजून रोज एकदा माझं बटण दाबून बघतेच. मेकॅनिकला कारण सापडत नाही. तुम्ही सांगू नका. तिची सवय मोडेपर्यंत मला बिघडलेलीच राहू द्या.