हासेलवार्डेनची बोलकी पेटी

कुऱ्हाडीचा एकच घाव बसला, जाड काळी तार तुटून दोन्हीकडे गवतात उडाली आणि मैदानावर जमलेल्या सगळ्या हासेलवार्डेन गावाने श्वास रोखून धरला. डॉक्टर क्राख्टने कुऱ्हाड खांद्यावर टाकली, कपाळावरचा घाम पुसला आणि जाहीर केलं की या पेटीचा आता बाहेरच्या जगाशी काडीचाही संबंध राहिलेला नाही. कुणाला काय विचारायचं असेल ते विचारा.

म्हातारा गेरिट टोपी काढून पुढे झाला. त्याच्या आजोबांच्या शेताची हद्द नेमकी कुठून जाते, असं त्याने विचारलं. याच हद्दीवरून त्याच्या बापाने एकदा शेजाऱ्याच्या पायावर फावडं घातलं होतं. पेटीवरचा निळा दिवा लुकलुकला आणि आतून बाईचा गोड आवाज आला, "जुन्या चराच्या पूर्वेला, तीन हातांवर." गेरिट तिथेच रडायला लागला. तो रडला म्हणून त्याच्या मागच्या बायका रडल्या, आणि त्या रडल्या म्हणून अग्निशमन दलाचे धटिंगण पोरगेही नाकं ओढू लागले.

ईस्टरच्या आदल्या दिवशीची दुपार होती. मैदानाच्या मधोमध दरवर्षीप्रमाणे ईस्टरची होळी रचलेली होती. आमच्याकडे हिवाळ्यात तोडलेल्या फांद्या, मोडकी कुंपणं, कुजलेली दारं असं सगळं तिच्यात जातं आणि सूर्य कलला की ती पेटते. यंदा मात्र ढिगाऱ्याच्या वर गावकचेरीतले सगळे संगणक चढवलेले होते. क्राख्टचा तसा आग्रहच होता. जुनी यंत्रं जळल्याशिवाय नवी पेटी पूर्ण शक्तीने जागी होत नाही, असं तो म्हणायचा.

मी इथली जनावरांची डॉक्टर. पेटी विकायला आलेला हा क्राख्ट कशाचा डॉक्टर, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. बोलायला मात्र एक नंबर. "तुमच्या गाई रात्री कुठे झोपतात? तुमच्या गोठ्यात. मग तुमची माहिती परक्याच्या गोठ्यात का झोपते?" हे वाक्य त्याने गावातल्या प्रत्येक घरी, प्रत्येक चहाच्या कपावर म्हटलं होतं. आमची माती, आमची पेटी, आमचं राज्य. पेटीच्या झाकणावर लाल लाखेचं सील होतं. ते तोडलं की पेटीचा आत्मा उडून जातो, अशी त्याची सक्त ताकीद होती. पेटी उचलायला दोन माणसं लागायची. जड आहे म्हणजे चांगलीच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं.

त्याने दाखवलेली भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. समुद्रापलीकडच्या एखाद्या कंपनीने मनात आणलं तर आमच्या कचेऱ्यांची दारं सकाळी उघडणार नाहीत, हे सरकारलाही कळलं होतं. म्हणूनच आमच्या कचेरीने दोन वर्षांपूर्वी विकतची परकी सॉफ्टवेअर काढून खुली घेतली. खुली म्हणजे आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येतं, तपासता येतं, दुरुस्त करता येतं. हे काम करत होता त्यार्क ओन्केन, कचेरीतला संगणकांचा माणूस. दुर्दैवाने त्यार्ककडे चमत्कार नव्हता. त्याच्याकडे गुरुवारी संध्याकाळचा वर्ग होता, आणि तिथे सरपंच गेशेसुद्धा दोनदाच फिरकली होती.

फेब्रुवारीत क्राख्टने ती पेटी कचेरीत चाचणीसाठी जोडून दिली आणि तेव्हापासून कचेरीतले संगणक धापा टाकू लागले. वासरांच्या नोंदी अडकल्या, जन्माचे दाखले अडकले, अगदी दफनाचे परवानेसुद्धा अडकले. त्यार्क सांगत होता की पेटी आल्यापासून हे सुरू झालंय, पेटी काढून बघा. क्राख्ट म्हणाला, फुकटची सॉफ्टवेअर आहेत, मरायला टेकलीत. लोकांना हे पटलं. फुकट मिळालेल्या वस्तूवर आमच्याकडे कुणाचाच विश्वास नसतो.

मशाल पेटवायची तयारी सुरू झाली तेव्हा त्यार्क धावत आला. तो कुणाशी बोलला नाही, थेट ढिगाऱ्यावर चढला आणि एकेक संगणक खाली गवतावर उतरवायला लागला. लोक ओरडायला लागले तेव्हा तो वरून म्हणाला, "गावाचे जन्म-मृत्यू, जमिनी, सगळं यांच्यात आहे. त्या पेटीत काय आहे ते तुमच्यापैकी एकाने तरी पाहिलंय का?"

उत्तर म्हणून मातीचं ढेकूळ आलं. मग दगड आला. मग आतापर्यंत दारू पिऊन तर्र झालेल्या गर्दीतून एक रिकामी बाटली भिरभिरत गेली आणि त्याच्या चेहऱ्यावर फुटली.

तो ढिगाऱ्यावरून खाली डोक्यावर पडला. त्यानंतर जे झालं ते मी गुरांच्या बाजारातही पाहिलेलं नाही. ज्या माणसाच्या बारशाला हे सगळे जेवले होते, त्याच्या बरगड्यांत त्यांनी बूट घातले. एक बाई त्याच्या पाठीवर दाताळ्याचा दांडा मारत होती आणि मारताना रडत होती, कारण तिच्या नवऱ्याच्या दफनाचा परवाना चार दिवस अडकला होता. क्राख्ट पेटीवर हात ठेवून शांत उभा होता. मी कोपरांनी वाट काढत आत शिरले, एकाच्या नडगीवर लाथ घातली, दुसऱ्याच्या हाताला चावले आणि त्यार्कच्या अंगावर आडवी पडले. मला मारायला मात्र त्यांचे हात धजले नाहीत. उद्या गाय अडली तर कोण येणार?

त्याच्या डाव्या डोळ्याच्या जागी काच आणि रक्त होतं. मी त्याला गेशेच्या ताब्यात दिलं. ती खाली बसली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बर्फासाठी मी खाटीक एनोच्या थंड गाडीकडे पळाले. सॉसेज आणि बिअर ठेवायची ती पत्र्याची गाडी सणाला मैदानावर उभी असते. पळतानाच मी रुग्णवाहिकेला फोन लावला होता. गाडीत शिरले, मागचं जड दार आपोआप लागलं आणि फोनवरच्या बाईचा आवाज मधेच तुटला. मी बर्फाची पिशवी घेऊन बाहेर आले, पुन्हा फोन लावला, तो लगेच लागला. तेव्हा माझ्या डोक्यात त्यार्कशिवाय दुसरं काही नव्हतं.

रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. मी तिथेच उभी राहिले, हात कोपरांपर्यंत लाल झालेले. लोक थोडे वरमले होते. त्यांना पुन्हा रंगात आणण्यासाठी क्राख्ट म्हणाला की बघा, एवढ्या गोंधळातही पेटी ढळली नाही. शंभर हिवाळे गेले तरी ती बोलत राहील. आणि त्याने तिला पुन्हा एक प्रश्न विचारला. निळा दिवा जरा लुकलुकला, फोन लागायच्या आधी माझ्या फोनचा दिवा लुकलुकतो अगदी तसा, आणि मग ती बोलली. मला ती थंड गाडी आठवली.

"गेशे," मी म्हणाले, "ही पेटी जगापासून तुटली आहे ना? मग ती एनोच्या गाडीत, दार लावूनही बोलायला हवी."

क्राख्टचा चेहरा उतरला. थंडी तिला मानवत नाही, असं तो म्हणाला. आत्ताच तुम्ही शंभर हिवाळे म्हणालात, असं मी म्हटल्यावर मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी पेटीला हात घातला, आणि त्याने कुऱ्हाडीचा दांडा माझ्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला वेदनेच्या आधी ऐकू आला. दुसरा घाव डोक्यावर बसला असता, पण एनोने त्याच्या कानफटात अशी लगावली की तो होळीच्या फांद्यांत जाऊन आडवा झाला. तारेवर कुऱ्हाड घालताना ज्याचा हात कचरला नव्हता, तो माणूस थंड गाडीच्या दाराला घाबरला. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं, पण गावासाठी नव्हतं.

गेशे आणि गेरिटने पेटी उचलून गाडीत नेली. जाण्याआधी गेशे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की आत आम्ही दोघं विचारणार आहोत, कुणी दार उघडायचं नाही. दार लागलं. थोड्या वेळाने आतून गेरिटचा चिडलेला आवाज आला. तो तोच हद्दीचा प्रश्न ओरडून ओरडून विचारत होता आणि पेटी मुकी होती. एनोने दार उघडलं. निळा दिवा लुकलुकला आणि तोच गोड आवाज सगळ्या मैदानावर पसरला, "जुन्या चराच्या पूर्वेला, तीन हातांवर." दार लावलं की ती मुकी, उघडलं की बोलकी. शेवटच्या वेळी गेरिटने स्वतःच दार लावलं, उघडलं आणि पेटीवर थुंकला.

एनोने सुरीने सील तोडून झाकण उचकटलं. कुठलाही आत्मा उडाला नाही. आत एक स्वस्तातला मोबाइल, त्याचं कार्ड, एक बॅटरी, आणि वजन यावं म्हणून बसवलेला फरसबंदीचा दगड होता. अख्ख्या पेटीत आमच्या मातीतलं तेवढंच होतं. तार तोडली तरी मोबाइल हवेतून बोलतच होता, आणि पत्र्याच्या बंद गाडीत त्याच्या लहरी पोहोचत नव्हत्या. इतकं साधं होतं ते. जिल्ह्याच्या तपासणीत पुढचंही कळलं. फेब्रुवारीपासून ती पेटी आमची सगळी कागदपत्रं उपसून समुद्रापलीकडे भाड्याने घेतलेल्या संगणकावर पाठवत होती आणि उत्तरं तिथून येत होती. या उपशानेच आमचे संगणक धापा टाकत होते, आणि त्याचा माग त्यांच्यातच उरला होता, म्हणून त्याला ते जाळायचे होते. ज्याची भीती दाखवून तो आला होता, तेच तो करत होता.

आता गर्दी त्याच्याकडे वळली. त्याला बखोट धरून ढिगाऱ्यावर चढवलं, कुणीतरी पेट्रोलचा डबा आणला, मशाल पेटली. मघाशी त्यार्कला तुडवणारे बूटच त्याला तुडवत होते. खरं सांगते, माझा धड उरलेला हातही शिवशिवत होता. मी मधे उभी राहिले ती काही माझं मन मोठं आहे म्हणून नाही. माझा फोन वाजला म्हणून सगळे क्षणभर थांबले, एवढंच. इस्पितळातून नर्स बोलत होती. मी ऐकलं आणि तिथल्या तिथे सगळ्यांना सांगितलं की त्यार्कचा डोळा गेला.

मशाल धरणारा माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "मारायला माणूस बदलला म्हणून तुम्ही शहाणे झालात असं समजू नका. हा चोर आहे, त्याला पोलीस नेतील. बाटली फेकणारा चोर नव्हता, तो आपल्यातलाच होता. त्याचं काय करायचं ते सांगा."

गेशेने मशाल धरणाऱ्याच्या हातातून ती काढून घेतली आणि बादलीत बुडवली. त्या वर्षी आमच्याकडे होळी पेटली नाही. पोलीस आले, क्राख्टला घेऊन गेले. बाटली कुणी फेकली हे त्यांनी विचारलं, तेव्हा सगळं गाव खाली मान घालून गवताकडे बघत होतं.

म्हणून वाचणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. स्वातंत्र्य कुणी सीलबंद पेटीत घालून विकायला आणलं, तर आधी झाकण उघडायला सांगा. उघडू देत नसेल तर त्याला वाटेला लावा, मग तो तुमच्या मातीची कितीही गाणी गाऊ दे. जो सगळं उघडून दाखवतो आणि शिकायला बोलावतो, त्याचं बोलणं कंटाळवाणं असलं तरी ऐका. एनोला ती पेटी उघडायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. तेवढं मिनिट आम्ही बाटली फेकायच्या आधी काढलं असतं, तर त्यार्क आज दोन्ही डोळ्यांनी बघत असता.